‘स्माइल’ : तुकडे होते, जोडणी राहिली

(स्मृतिव्याख्यानमालेतील यंदाच्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर संतसाहित्यापासून शेतीच्या अर्थकारणापर्यंत नाना विषय मांडले गेले. त्या रांगेत कॅलिफोर्नियातल्या एका पॉप बँडचा अल्बम, आणि तोही ठरल्या वेळी बाजारात न आलेला, हा विषय पत्रिकेवर वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. तरी संयोजकांनी तो मान्य केला, त्याबद्दल त्यांचे आभार. नमनाला घडाभर तेल न घालता मुद्द्यावर येतो.

‘द बीच बॉईज’ या बँडनं १९६६ साली ‘स्माइल’ नावाचा अल्बम करायला घेतला आणि १९६७ च्या मे महिन्यात तो सोडून दिला. का सोडला, याची उत्तरं तेव्हापासून दिली जाताहेत. कुणी आतेभावाला दोष देतो, कुणी रेकॉर्ड कंपनीला, कुणी अमली पदार्थांना, तर कुणी बीटल्सला. प्रत्येक उत्तरात थोडं तथ्य आहे. पण या सगळ्या उत्तरांत कामाकडे, म्हणजे स्टुडिओत रोज प्रत्यक्ष काय चाललं होतं तिकडे, फारसं कुणी पाहत नाही. मला आज तेच पाहायचं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : ‘स्माइल’ अडला तो प्रतिभा आटली म्हणून नव्हे. तुकडे विपुल झाले होते, पण ‘आता हाच क्रम, आता बस’ असं ठरवणं एकट्या माणसाच्या आवाक्याबाहेर गेलं होतं.

आधी माणसांची ओळख. लॉस एंजेलिसजवळच्या हॉथॉर्न या गावातले ब्रायन, डेनिस आणि कार्ल हे तीन विल्सन बंधू, त्यांचा आतेभाऊ माईक लव्ह आणि मित्र अल जार्डिन यांनी १९६१ मध्ये हा बँड काढला. समुद्रकिनारा, मोटारी, सर्फिंग, शाळकरी प्रेम हे त्यांच्या गाण्यांचे विषय. चाली बांधायच्या थोरल्या ब्रायननं. त्याला उजव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नसे. २३ डिसेंबर १९६४ रोजी ह्यूस्टनला जाणाऱ्या विमानात त्याला भीतीचा जबरदस्त झटका आला. त्यानंतर त्यानं दौऱ्यांवर जाणं सोडलं. बाकीचे गावोगाव कार्यक्रम करायचे, त्याच्या जागी आधी ग्लेन कॅम्पबेल आणि मग ब्रूस जॉन्स्टन उभा राहायचा, आणि ब्रायन स्टुडिओत बसून पुढच्या रेकॉर्डची तयारी करायचा. ही कामाची वाटणी ध्यानात ठेवा. पुढच्या गुंत्याचं मूळ तिच्यात आहे.

या वाटणीतून १६ मे १९६६ रोजी ‘पेट साउंड्स’ आला. लॉस एंजेलिसमधले कसलेले स्टुडिओ वादक, ढोलावर हॅल ब्लेन, बेस गिटारवर कॅरल के, आणि त्यांच्या साथीवर बीच बॉईजचे आवाज. अमेरिकेत तो दहाव्या क्रमांकापर्यंत चढला, इंग्लंडमध्ये दुसऱ्या. आज तो जगातल्या उत्तम अल्बममध्ये गणला जातो. कॅपिटॉल या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीला मात्र तेव्हा त्याचं फारसं अप्रूप वाटलं नाही. दोन महिन्यांत ती जुन्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह बाजारात आणून मोकळी झाली.

आता मी तुम्हाला ‘गुड व्हायब्रेशन्स’ या एका गाण्यापाशी थोडा वेळ थांबवणार आहे, कारण ‘स्माइल’चं यश आणि अपयश दोन्ही या गाण्याच्या पोटात आहे. गाणं आहे साडेतीन मिनिटांचं. ध्वनिमुद्रण चाललं फेब्रुवारी ते सप्टेंबर १९६६, चार वेगवेगळ्या स्टुडिओंत. नव्वद तासांहून अधिक टेप त्यात गेल्याचं सांगतात. खर्चाचे अंदाज पन्नास ते पंचाहत्तर हजार डॉलरचे आहेत. एका गाण्यासाठी हा आकडा तेव्हा ऐकिवात नव्हता.

एवढा वेळ कशाला लागला? तोवरची रीत अशी, की गाणं आधी पुरतं बांधायचं, मग वादकांना बोलावून पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत वाजवून घ्यायचं. ब्रायननं ही रीत मोडली. त्यानं गाण्याचे भाग सुटे सुटे मुद्रित केले. एक भाग वेस्टर्न रेकॉर्डर्समध्ये, दुसरा गोल्ड स्टारमध्ये, कारण गोल्ड स्टारच्या प्रतिध्वनी-खोलीचा गुण वेगळा होता. प्रत्येक खोलीचा आवाज हे त्याच्या लेखी एक वाद्यच होतं. मग टेपच्या पट्ट्या कापून, जोडून, त्यानं गाणं उभं केलं. नीट कान देऊन ऐकलंत तर भाग बदलताना खोली बदलल्यासारखं वाटतं, आणि तो बदल खटकायच्या ऐवजी अंगावर काटा आणतो. पॉल टॅनरनं वाजवलेल्या इलेक्ट्रो-थेरेमिनचा तो कापरा, लांबलचक सूर याच गाण्यातला. १० ऑक्टोबर १९६६ ला रेकॉर्ड निघाली आणि अमेरिका, इंग्लंड दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेली. वर्षअखेरीस ब्रिटनमधल्या एका संगीत साप्ताहिकाच्या वाचकांनी जागतिक गायकवृंदांत बीच बॉईजना बीटल्सच्याही वर बसवलं.

एका गाण्यात ही भट्टी जमली, तेव्हा ब्रायननं ठरवलं की अख्खा अल्बम असाच करायचा. शब्दांसाठी त्यानं व्हॅन डाईक पार्क्सला गाठलं. पार्क्स तेविशीतला, ब्रायन चोविशीतला. दोघे ब्रायनच्या बेव्हर्ली हिल्समधल्या घरी बसून गाणी रचायचे. त्या घरात जेवणघराच्या जागी वाळूचा हौद करून त्यात पियानो ठेवला होता. वाजवताना पायाखाली किनाऱ्याची वाळू लागावी म्हणून. घरातल्या कुत्र्यांनी त्या वाळूचा वेगळाच उपयोग केला, हेही सर्वश्रुत आहे.

या विक्षिप्तपणाच्या गोष्टी चवीनं सांगितल्या जातात, पण त्या हौदाकाठी झालेलं काम गंभीर होतं. तेव्हा ब्रिटिश बँडांनी अमेरिकेचा बाजार व्यापला होता. पार्क्स आणि ब्रायन यांनी अमेरिकेचीच कहाणी गाण्यांत मांडायचं ठरवलं : प्लिमथच्या खडकापाशी उतरलेले पहिले वसाहतवाले, पश्चिमेकडे सरकत जाणारी रेल्वे, जुन्या पश्चिमेतली माणसं, आणि थेट हवाईपर्यंतचा प्रवास. त्याच्या जोडीला बालपणाची, निरागसता हरवण्याची गाणी आणि चार मूलतत्त्वांवरची एक मालिका. देवाला उद्देशून रचलेली तरुण वयातली सिम्फनी, असं ब्रायन या कामाचं वर्णन करायचा.

या मालिकेतल्या अग्नीच्या तुकड्याची हकीकत ऐका. २८ नोव्हेंबर १९६६, गोल्ड स्टार स्टुडिओ. १८७१ साली शिकागो शहर ज्या आगीत जळलं, तिची सुरुवात मिसेस ओलिअरी नावाच्या बाईच्या गाईनं कंदील लाथाडल्यामुळे झाली, अशी दंतकथा आहे. तुकड्याचं नाव त्या गाईवरून. वादकांच्या डोक्यावर ब्रायननं खेळण्यातली अग्निशामक दलाची शिरस्त्राणं चढवली आणि खोलीत धुराचा वास यावा म्हणून बादलीत लाकडं पेटवली. व्हायोलिनं वर-खाली किंचाळत राहतात, ढोल कोसळत राहतात, आणि ऐकणाऱ्याला खरोखर धग लागते. पुढच्या काही दिवसांत स्टुडिओच्या आसपास आग लागल्याचं ब्रायनच्या कानावर आलं आणि आपल्या संगीतानंच ती लावली, अशी भीती त्याच्या मनात बसली. त्या टेपा आपण जाळून टाकल्या, असं तो नंतर सांगत असे. टेपा शाबूत होत्या.

आता ज्यांच्या ज्यांच्या डोक्यावर खापर फुटतं, त्यांच्याकडे वळू.

पहिला माईक लव्ह. डिसेंबर १९६६ मध्ये ‘केबिन एसेन्स’ गाताना त्यानं पार्क्सला एका ओळीचा अर्थ विचारला. पार्क्सनं सरळ उत्तर दिलं नाही. या प्रसंगाचं पुढे एवढं भांडवल झालं, की एका प्रश्नानं अल्बम बुडाला असं वाटावं. पण दोन गोष्टी विसरता येत नाहीत. लव्हनं ती ओळ गायली, रेकॉर्डवर त्याचाच आवाज आहे. आणि ‘गुड व्हायब्रेशन्स’सारख्या प्रयोगाला लोकांच्या ओठांवर बसणारे शब्द दिले तेही त्यानंच. गायकानं ओळीचा अर्थ विचारावा, यात गुन्हा कोणता? हाच माणूस १९६८ मध्ये ऋषीकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात बीटल्सबरोबर जाऊन राहिला. त्याला निव्वळ धंदेवाईक ठरवणं सोपं आहे, न्याय्य नाही. त्याच्या शंकांनी पार्क्स दुखावला हे मात्र खरं. १९६७ च्या सुरुवातीला पार्क्स या कामातून बाजूला झाला आणि स्वतःच्या अल्बमकडे वळला.

दुसरी कंपनी. कॅपिटॉलनं गळा घोटला, असं म्हणतात. वस्तुस्थिती उलट आहे. कंपनीला अल्बम हवाच होता. फ्रँक होम्सनं हसू विकणाऱ्या दुकानाचं चित्र काढलं, त्याची चार लाखांहून जास्त कव्हरं छापून झाली, सोबतची पुस्तिका झाली, जाहिराती झाल्या. डिसेंबरमध्ये बारा गाण्यांची हातानं लिहिलेली यादीही कंपनीकडे गेली, आणि तीच कव्हरावर छापली गेली. गाणी पुरी व्हायच्या आधी यादी छापली, ही घाई मात्र खरी. फेब्रुवारी १९६७ अखेर बँडनं थकलेल्या मानधनासाठी कंपनीवर दावा लावला, तेव्हा वातावरण आणखी बिघडलं. त्याच वसंतात कार्लनं सैन्यभरतीला नकार दिला म्हणून त्याला अटक झाली. संकटं एकटी येत नाहीत.

तिसरे बीटल्स. त्यांचा ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम ऐकून ब्रायन खचला आणि ‘स्माइल’ बासनात गेला, ही कथा सर्वांत लोकप्रिय. पण तारखा पाहा. बँडचा प्रसिद्धीप्रमुख डेरेक टेलर यानं ‘डिस्क अँड म्युझिक इको’मध्ये अल्बम मोडीत निघाल्याचं जाहीर केलं ६ मे १९६७ ला. ‘सार्जंट पेपर’ ब्रिटनमध्ये विक्रीला आला त्याच महिन्याच्या अखेरीस. आधी मरण आणि मग मारेकरी, असा हा हिशेब होतो. स्पर्धेचं दडपण होतं, ते मी नाकारत नाही. पण कारण म्हणून तो अल्बम टिकत नाही.

चौथं कारण नशापाणी आणि मनाचं आजारपण. याबद्दल बोलताना जीभ सांभाळली पाहिजे. ब्रायननं त्या काळात गांजा, एलएसडी, उत्तेजक गोळ्या घेतल्या. आपल्याला कानात धमकावणारे आवाज ऐकू येतात, हे त्यानं पुढे स्वतः उघडपणे सांगितलं. हा आजार त्याला जन्मभर पुरला. पण याच मनःस्थितीत त्यानं त्या काही महिन्यांत जे संगीत मुद्रित केलं, ते त्याच्या आयुष्यातलं सर्वांत धाडसी संगीत आहे. आजारानं त्याची सहनशक्ती खाल्ली. चाली मात्र सुचतच होत्या.

मग घोडं पेंड कुठे खात होतं? ‘हीरोज अँड व्हिलन्स’ हे अल्बमचं मुख्य गाणं. त्याचं मुद्रण १९६६ च्या ऑक्टोबरपासून १९६७ च्या जूनपर्यंत चालू होतं. भागांमागून भाग तयार होत गेले. एका गाण्यातला तुकडा दुसऱ्यात बसतो का, हे पाहिलं जाऊ लागलं. गाण्यागाण्यांमधल्या भिंतीच उरल्या नाहीत. गणित मांडून पाहा. सात तुकड्यांचे क्रम लावायचे तर ५,०४० रीती होतात. दहा तुकडे झाले की ३६,२८,८००. मणी उत्तम होते, दोरा कोणता हे ठरेना.

आणि १९६७ मध्ये एक क्रम बदलून पाहायचा म्हणजे काय करावं लागे? टेप यंत्रावर हातानं मागेपुढे फिरवून नेमकी जागा कानानं शोधायची. पेन्सिलीनं खूण करायची. ब्लेडनं तिरका छेद द्यायचा. दुसऱ्या तुकड्याचं टोक त्याला भिडवून चिकटपट्टी लावायची. मग ऐकायचं. पसंत नसेल तर पुन्हा सोडवायचं. मूळ टेप वाचवायची तर नक्कल करा, आणि प्रत्येक नकलेगणिक टेपची खरखर वाढणार. एका साडेतीन मिनिटांच्या गाण्यापुरतं हे जमलं. पाऊण तासाच्या, एकमेकांत गुंतलेल्या संगीताला ही रीत पुरी पडणं अवघड होतं. कल्पना यंत्राच्या पुढे निघून गेली होती.

दुसरी अडचण माणसांची. याच डेरेक टेलरनं ब्रायन हा ‘जीनियस’ आहे, अशी मोहीम वर्षभर चालवली होती. वृत्तपत्रं, निवडक मित्रमंडळी, दूरचित्रवाणीचे लोक त्याच्या भोवती जमले. डिसेंबर १९६६ मध्ये त्यानं ‘सर्फ्स अप’ हे गाणं एकट्यानं पियानोवर गायलं, आणि ते २५ एप्रिल १९६७ रोजी लिओनार्ड बर्नस्टाइनच्या रॉक संगीतावरच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात देशभर दिसलं. अकराच दिवसांनी टेलरची घोषणा आली. बाहेर कौतुकाचा जयघोष, आणि आत ब्लेड हातात घेऊन एकटा बसलेला चोवीस वर्षांचा मुलगा, असं ते चित्र होतं. भाऊ आणि आतेभाऊ दौऱ्यावर, शब्द लिहिणारा निघून गेलेला. असामान्य म्हटलं की त्याला मदत लागते हेच लोक विसरतात.

पुढे काय झालं, ते माझ्या म्हणण्याला पुष्टी देतं. १९६७ च्या जूनमध्ये सगळे ब्रायनच्या बेल एअरमधल्या घरी जमले आणि जेमतेम दीड महिन्यात ‘स्मायली स्माइल’ हा साधासुधा, घरगुती अल्बम करून मोकळे झाले. आधीच्या अल्बमांवर निर्माता म्हणून ब्रायनचं नाव असे. यावर छापलं गेलं ‘निर्मिती : द बीच बॉईज’. अमेरिकेत तो ४१ व्या क्रमांकाच्या वर गेला नाही. तो थोर अल्बम आहे असं मी म्हणत नाही. पण तो पुरा झाला, कारण तो पाच-सहा जणांनी मिळून पुरा करायला घेतला.

१९७१ मध्ये ‘सर्फ्स अप’ बाहेर आलं, तेही असंच. पहिल्या भागात १९६६ ची वाद्यं आणि त्यावर कार्लचा नवा आवाज. दुसऱ्या भागात १९६६ चा एकटा ब्रायन आणि त्याचा पियानो. शेवटाला दुसऱ्याच एका ‘स्माइल’ गाण्याची धून, आणि त्या शेवटासाठी ब्रायन स्वतः येऊन सामील झाला. सांधे आहेत, पण ते भावानं बसवले आहेत.

मधल्या काळात चोरट्या रेकॉर्डी फिरत राहिल्या. चाहते आपापले क्रम लावत बसले. १९८३ मध्ये डेनिस समुद्रात बुडून गेला, १९९८ मध्ये कार्ल कर्करोगानं गेला. ‘स्माइल’ आता केवळ दंतकथाच राहणार, असं वाटत होतं.

मग २००३ चा शरद ऋतू आला. ब्रायनच्या नव्या वाद्यवृंदातला डॅरियन सहानाजा जुने तुकडे लॅपटॉपवर भरून त्याच्या घरी गेला. आता क्रम बदलायला ब्लेड लागत नव्हतं. नाही पटला तर पूर्ववत करायला क्षण लागत होता. काम चालू असताना जुन्या कागदावरच्या एका ओळीतला एक शब्द लागेना. ब्रायननं सरळ पार्क्सला फोन लावला आणि शब्द विचारला. दुसऱ्या दिवशी पार्क्स हजर झाला. पस्तीसहून अधिक वर्षं अडलेलं काम अशा एका फोननं हललं, ही या सगळ्या कहाणीतली माझी सर्वांत आवडती गोष्ट आहे.

२० फेब्रुवारी २००४ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये ‘स्माइल’ पहिल्यांदा सलग सादर झाला, तीन भागांत. श्रोते उठून उभे राहिले आणि बराच वेळ बसलेच नाहीत. त्याच वर्षी नव्यानं मुद्रित केलेला अल्बम आला. ज्या अग्नीच्या तुकड्याला ब्रायन घाबरला होता, त्याच तुकड्यानं त्याला २००५ मध्ये पहिलं ग्रॅमी मिळवून दिलं. २०११ मध्ये मूळ १९६६-६७ च्या टेपांचा संग्रह ‘द स्माइल सेशन्स’ या नावानं निघाला, आणि त्यातला गाण्यांचा क्रम २००४ च्या धर्तीवर लावला गेला. म्हणजे तरुण ब्रायनच्या तुकड्यांना दोरा मिळाला तो साठी ओलांडलेल्या ब्रायनकडून. १९६७ मध्ये अल्बम निघता तर तो असाच असता का? असता असं मी म्हणणार नाही. बारा गाण्यांची, दोन बाजूंची तबकडी वेगळीच झाली असती. २००४ मध्ये झालेलं काम वेगळं आहे आणि त्याला आपली किंमत आहे.

११ जून २०२५ रोजी ब्रायन विल्सन गेला. मृत्युलेखांत ‘एकाकी प्रतिभावंत’ हे शब्द पुन्हा आले. मला ते पटत नाहीत. एकाकी असताना त्याचं काम अडलं, चार माणसं सोबत बसली तेव्हा ते पार पडलं. ‘स्माइल’च्या इतिहासाचा माझ्या मते हाच निवाडा आहे.

श्रोतेहो, शेवटी एक विनंती. आपल्याकडेही अर्धवट कामं असतात. कुणाच्या कपाटात न संपलेली कादंबरी असते, कुणाच्या घरी आजोबांच्या गाण्याच्या कॅसेटी किंवा टेपा पडलेल्या असतात. त्या भंगारात काढू नका. प्रत्येकीवर नाव, तारीख आणि जागा लिहून ठेवा. टेपा जपल्या होत्या म्हणूनच सदतीस वर्षांनी जोडणी शक्य झाली. आणि काम तुमचं स्वतःचं अडलेलं असेल, तर ज्याच्याशी ते सुरू केलं होतं त्या माणसाला फोन करा. मागचं भांडण काढू नका, अडलेला शब्द तेवढा विचारा.